विमानाचा कारखाना आणि बँकेतला हप्ता

बडोद्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 58, येत्या मार्चमध्ये निवृत्ती. पीएफ 34 लाख, शिवाय 12 लाखांची एफडी आता सुटतेय. विचारतात, लष्करी वाहतुकीच्या सी-295 विमानांचा कारखाना आपल्या गावात आला, संरक्षण सामग्रीची निर्यात वाढतेय, मग 12 लाख डिफेन्स फंडात, म्हणजे संरक्षण कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, घालू का? चार वर्षांत दुप्पट होतील, असं कोणीतरी सांगितलंय. आणि शेवटी, कंसात: 'त्यातून पॉलिसीचे 3 लाखही भरता येतील.'

काका, आधी हा कंस वाचू.

बँकेत एफडी करायला गेलात आणि 10 वर्षांच्या हप्त्याची विमा पॉलिसी घेऊन आलात. बँकेत मिळाली म्हणून ती ठेव होत नाही. दोन हप्ते भरलेत, आठ बाकी, सगळे निवृत्तीनंतरचे. 30 लाख भरून बाराव्या वर्षी 42 लाख म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. पगार थांबणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे बांधणाऱ्याला काय म्हणावं?

पेन्शन धरूनही घरखर्चाला महिना 45,000 कमी पडतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यात हप्ता धरला की वर्षाला 8 लाख 40 हजार. पीएफ आणि एफडी मिळून 46 लाखांवर सात टक्क्यांनी व्याज सव्वातीन लाख. सातेक वर्षांत खडखडाट, महागाई न धरताही. आणि पॉलिसी तेव्हा पिकलेलीही नसेल.

तिसऱ्या हप्त्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडली, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती. बहुधा थोडं नुकसान सोसून सुटणंच स्वस्त पडेल.

आता डिफेन्स. निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी होती, 2024-25 मध्ये 23,622 कोटी झाली. खरंच मोठी झेप. पण त्या वर्षी देशाचं संरक्षण उत्पादन होतं सुमारे दीड लाख कोटी. म्हणजे मुख्य गिऱ्हाईक अजून आपलंच सरकार. तेजस मार्क-1ए या लढाऊ जातीच्या 83 विमानांची ऑर्डर 2021 ची, पण अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली आणि विमानं रखडली. ऑर्डर हातात असली तरी विमान दिल्याशिवाय पैसे पुरते येत नाहीत. शेअरचा भाव मात्र आधीच चढून बसतो. आणि तुमच्या गावचा कारखाना ज्या टाटा कंपनीचा, ती शेअर बाजारात नाहीच. फंड तिचा शेअर घेणार कुठून?

चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 18-19 टक्के. हौसच असेल तर 50 हजार घाला. बाकीचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठीची वाट पाहू नका. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत 55 नंतरही खातं उघडता येतं.