रात्रपाळीला लागण्याआधी

प्रिय बेटा,

पहिल्या तारखेपासून तू व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून लागतो आहेस. कागदावर तुझं काम चार ओळींत मावेल: सामान तपासणं, गोळ्यांच्या वेळा, जेवण, रात्रीच्या फेऱ्या. पण डॉक्टर तपासून निघून जातात, समुपदेशक संध्याकाळच्या बसने घरी जातात. रात्री ३ वाजता घामाने भिजून खाटेवर उठून बसलेल्या माणसासमोर तूच असतोस. म्हणून रात्रीचं जरा सविस्तर लिहितो.

भरतीच्या वेळी एक प्रश्न चुकवू नकोस: शेवटची कधी घेतली? ‘काल’ हे उत्तर पुरत नाही, किती वाजता ते हवं. पुढचं सगळं त्या वेळेपासून मोजायचं असतं. रोज पिणाऱ्याची दारू थांबली की साधारण ६ ते १२ तासांत हात कापतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत जास्त. आणि सगळ्यात घातक भ्रमाची अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होते. सोमवारी सकाळी ८ वाजता शेवटची घेतली असेल, तर बुधवार सकाळपासून शुक्रवार सकाळपर्यंत त्या खाटेवरून नजर हलवायची नाही. नेमकी इथेच चूक होते. मंगळवारची रात्र निघाली, बुधवारी माणूस थोडं वरण-भात जेवला, की सगळे म्हणतात, ‘निघालं बाप्पा.’ आणि त्याच रात्री त्याला भिंतीवर साप दिसायला लागतात.

किती पितो, हे विचारून फारसं हाती लागत नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. बंदीच्या भागातला माणूस पोलिसांच्या धाकाने आकडा कमीच सांगतो. शिवाय मोहाच्या दारूच्या बाटलीवर लेबल नसतं, ती किती कडक होती हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा दोन प्रश्न विचार: सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी लागते का? आणि मागे कधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते लाल पेनाने लिही आणि डॉक्टरांना तेव्हाच फोन कर. अशा माणसाला केंद्रात ठेवायचं की दवाखान्यात, हे ठरवणं त्यांचं काम. हेच प्रश्न बायकोला किंवा आईला वेगळं बसवून विचार. नवऱ्यासमोर ती खरं बोलेल, ही अपेक्षा ठेवू नकोस.

आता फेरी. नव्या पेशंटजवळ पहिले चार दिवस दर दोन तासांनी जायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दर तासाला. दारातून बॅटरी मारून ‘झोपला’ असं लिहिणं म्हणजे फेरी नव्हे. जवळ जा. तो जागा असेल तर हात समोर धरून बोटं फाकवायला सांग, कापरं लगेच दिसतं. नाडी पूर्ण एक मिनिट मोज. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चौपट होते. मग तीन साधे प्रश्न: काकाजी, आपण कुठे आहोत? आज वार कोणता? तुमचं गाव कोणतं? झोपलेला असेल तर श्वास पाहा, आणि हाक मारल्यावर तो हूं तरी करतो का ते पाहा. नाडी किती, बीपी किती झालं की फोन करायचा, ही मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घेऊन भिंतीवर लाव. ती मर्यादा ओलांडली की मध्यरात्रीसुद्धा फोन करायला संकोच करू नकोस.

रजिस्टरमध्ये आपलं मत लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. ‘पेशंट बेचैन’ यावरून सकाळी डॉक्टरांना काही कळत नाही. असं लिही: ‘२.४०. उठून बसला. दोन्ही हात कापतात. नाडी ११२. गाव बरोबर सांगितलं, वार चुकला. चादरीवरून काहीतरी झटकतो आहे.’ या एवढ्या ओळीवरून डॉक्टरांना औषध बदलता येतं. वार चुकणं आणि चादर झटकणं हा पहिला इशारा असतो. आरडाओरड त्यानंतर सुरू होते.

भ्रमातल्या माणसाशी वाद घालू नकोस. ‘कुठाय साप? दाखव’ म्हटलं तर तो चिडतो; ‘हो, मलाही दिसतो’ म्हटलं तर आणखी घाबरतो. ‘तुम्हाला भीती वाटते आहे, मी इथेच आहे’ एवढंच, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. खोलीतला दिवा चालू ठेव, सावल्यांनी भास वाढतात. एकानेच बोलावं, पाच जणांनी भोवती उभं राहू नये. आणि हे चालू असतानाच दुसऱ्याला डॉक्टरांना फोन करायला लाव, १०८ बोलव. हा आजार खोलीत बसून निभवायचा नाही, यात माणूस दगावतो. तो पळेल या भीतीने खाटेला बांधून ठेवण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. बांधलेल्या माणसाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो, हे तर कायद्याच्याही आधीचं कारण.

फिट आली तर घड्याळ पाहा. आजूबाजूचं सामान सरकव, डोक्याखाली घडी घातलेलं कापड दे, झटके ओसरले की डाव्या कुशीवर वळव. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कोणीतरी चप्पल किंवा कांदा हुंगवायला धावून येईलच, त्याला शांतपणे बाजूला कर. दारू सुटतानाची पहिली फिट असेल, झटके ५ मिनिटांपेक्षा लांबले किंवा एकामागून एक आले, तर थेट दवाखाना.

काही गोष्टी नशेसारख्या दिसतात आणि नशा नसतात. गाडीवरून पडून आलेला माणूस सुस्त आहे, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी आहे: ‘उतरली की उठेल’ म्हणून झोपू दिलास तर डोक्यातल्या रक्तस्रावाने तो उठणारच नाही. घाम, थरथर, गोंधळ हे साखर उतरल्यावरही होतं, म्हणून ग्लुकोमीटर जवळ ठेव. ७०च्या खाली आकडा म्हणजे तातडीचं काम. वैशाखात, पारा ४५च्या घरात असताना, ताप आणि बडबड उन्हामुळे आहे की दारू सुटल्यामुळे, हे तुला ठरवायचं नाही. दोन्हीसाठी दवाखानाच. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पिवळे डोळे यांनाही तेच. आणि चालताना तोल जातो, डोळे विचित्र हलतात, बोलण्यात घोळ आहे, असं दिसलं तर फोनवर याच शब्दांत सांग. वर्षानुवर्षं न जेवता पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि त्याचं इंजेक्शन उशिरा मिळालं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा पेशंटला कोणी आपल्या मनाने ग्लुकोजची बाटली लावत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला लाव.

गोळी हातात देऊन पुढे जाऊ नकोस. पाणी पिऊ दे, तोंड उघडून जीभ उचलायला सांग. काही जण झोपेची गोळी गालात धरतात, चार साठवतात आणि एकदम घेतात. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, चालू असेल तर खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, सॅनिटायझर या सगळ्यात अल्कोहोल असू शकतं हे त्याला आणि घरच्यांना नीट समजाव. ते औषध बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारूशी भिडतं: चेहरा लाल, छातीत धडधड, बीपी खाली. भेटीला आलेली एखादी बहीण कानात विचारते, ‘भाऊ, भाजीत कालवून देऊ का, त्याला न सांगता?’ तेव्हा ‘नाही’ ठाम म्हण आणि का ते सांग. त्या रात्री तो प्यायला तर जीव जाऊ शकतो.

तपासणीबद्दल थोडक्यात. तंबाखू-सुपारीचा खर्रा पन्नीत बांधून चपलेच्या तळव्यात, गोधडीच्या शिवणीत, डब्यातल्या भाकरींच्या मधे येतो. नशेसाठी हुंगतात ते पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनरही पाहा. तपासणी त्याच्यासमोर, दोघांनी मिळून, पण त्याच्या लेकरांसमोर कधीच नाही.

दुसऱ्या आठवड्यात अंग हलकं होतं आणि माणूस गेटाकडे बघू लागतो. ‘मले जाऊ द्या ना, वावरात सोयाबीन उभं हाय.’ याला बहाणा समजून हसू नकोस. बरेचदा सोयाबीन खरंच उभं असतं. समुपदेशकाला सांगून घरी फोन लावून घे, कापणीला कोण आहे ते त्याच्याच कानावर पडू दे. निम्मी घाई तिथेच उतरते. तरी जायचंच म्हणत असेल, तर स्वतःच्या मर्जीने दाखल झालेल्या माणसाला जाण्याचा हक्क आहे. मानसिक आरोग्य तज्ज्ञ तपासणीसाठी त्याला फार तर २४ तास थांबवू शकतात. गेटाला कुलूप लावून तू थांबवू शकत नाहीस.

ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाटतं, ती आता. आपल्या भागात कर्ज, दारू आणि फवारणीचं औषध एकाच घरात असतात. नशा उतरल्यावर विकलेलं वावर, मोडलेलं लग्न, हे सगळं लख्ख दिसू लागतं, आणि ते दिवस धोक्याचे. माणूस एकदम गप्प झाला, आपल्या वस्तू वाटू लागला, ‘माझ्यामागे लेकराचं पाहा’ म्हणाला, तर सरळ विचार: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, संडासालाही नाही, आणि डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं. ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घालेल, ती घेऊ नकोस. केंद्राच्या बागेतली कीटकनाशकं आणि फिनाइल कुलपात हवं, किल्ली तुझ्या कमरेला. सुट्टी होताना घरच्यांना सांग की फवारणीचे डबे शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. घरी गेल्यावर अडीअडचणीला १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो. तो कागदावर लिहून दे, मोबाइल हरवतो.

सुट्टीची तारीख पोळ्याच्या किंवा शिमग्याच्या तोंडावर येत असेल, कापूस-सोयाबीनचा चुकारा हाती यायचा असेल, तर ते समुपदेशकाच्या कानावर घाल. पैसे बायकोच्या खात्यात आणि बैल सजवायला सोबत न पिणारा एक भाऊ, एवढं आधी ठरलेलं असलं तरी फरक पडतो. तो पुन्हा घसरून आला तर दारात तोंड वाकडं करू नकोस, आणि पहिल्याइतकंच काळजीने शेवटच्या घोटाची वेळ विचार.

उसने पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. आपला फोन ‘दोन मिनिटं’ म्हणून द्यायचा नाही. तू स्वतः कधी पीत असशील आणि सोडली असशील, तर पगाराच्या दिवशी रात्रपाळी झाल्यावर एकटा घरी जाऊ नकोस, आणि दारू सोडलेल्यांची तुझी मीटिंग चुकवू नकोस.

सकाळची पाळी आली की रजिस्टर टेबलावर ठेवून निघू नकोस. दोघं मिळून खाटेखाटेने फिरा, प्रत्येकाचं नाव घेऊन रात्री काय पाहिलंस ते सांग, कोण कितव्या तासात आहे ते सांग, गोळ्या मोजून त्या आणि कुलपांच्या किल्ल्या त्याच्या हातात दे. मग काहीतरी गरम खा आणि झोप. पुढची फेरी रात्री ९ला आहे.

तुझा,
काका