गेटवेला सूर्य समुद्रात बुडतच नाही

प्रश्न : नमस्कार काका. येत्या ऑक्टोबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या डोक्यात आलंय की मुंबईला गेटवेवरून प्रायव्हेट शिडाची बोट करायची, फक्त घरचे पाच जण, आणि सूर्य समुद्रात बुडताना आईबाबांचा फोटो काढायचा. ह्यांचं म्हणणं एवढ्या लांब कशाला, चोर्ला घाटातून तीन तासात पणजी, तिथंच करूया की. पैसे बरेच जाणारेत म्हणून विचारते, कुठलं बरं आणि बुक करताना काय बघायचं?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, पहिल्यांदा दोघांना शुभेच्छा, आणि आता तुमच्या मुलाचा थोडा मूड घालवतो. गेटवे समुद्राकडं तोंड करून उभा आहे हे खरं, पण पूर्वेकडं. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे, म्हणजे बोट निघणार ती उरण-घारापुरीच्या बाजूला आणि सूर्य मावळणार तुमच्या पाठीमागं, ताज हॉटेलच्या नि कुलाब्याच्या बिल्डिंगींच्या आड. पाण्यात बुडणारा सूर्य पाहिजे तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचं, ते फुकट आहे. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला प्रॉन्ग्स दीपगृह आहे, १८७५ चं, त्याला वळसा घालून पश्चिमेला बाहेर पडलं तर दिसेल, पण दीड-दोन तासाच्या ट्रिपमध्ये तिथवर सहसा कोण नेत नाही. मी फोर्टात अकरा वर्षं नोकरी काढली, रोज संध्याकाळी तिकडनं चालत जायचो, आणि ही साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरायला चार वर्षं लागली, त्यामुळं मुलाला रागवू नका.

पण म्हणून मुंबई वाईट असं नाही. उलट मला विचाराल तर संध्याकाळचं सेलिंग मुंबईतच करावं, फक्त काय बघायला चाललोय ते माहीत असावं. सूर्य ताजच्या मागं गेला की घुमट काळे दिसायला लागतात, आभाळ भगवं, त्याच्यापुढं गेटवेची कमान, आणि मग एकेक करून दिवे लागत येतात. ताज १९०३ चं, गेटवे १९२४ चा, आणि आपण ते दोन्ही रस्त्यावरनं, गर्दीत, भेळ खात बघितलेलं असतंय. पाण्यावरनं बघितलं की कळतं की गेटवे मुळात बोटीतून येणाऱ्याला दिसावा म्हणूनच असा उभा आहे.

आता ऑक्टोबर म्हणालात म्हणून एक आयडिया. कोजागरीला जमतंय का बघा. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो, आणि गेटवेची पूर्व बाजू म्हणजे मोकळं पाणी. एका बाजूला ताजमागं सूर्य जातोय, दुसरीकडं उरणच्या डोंगरावर तांबूस चंद्र येतोय, असं पश्चिमेच्या कुठल्या बीचवर बसून मिळत नाही. पंचविसाव्याचा फोटो हाच काढा म्हणावं.

ह्यात एक गोम आहे. पौर्णिमेला नि अमावस्येला उधाण असतं, आणि मुंबईत त्या दिवशी भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी सहाला पुरी ओहोटी. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, कधी तासभर, पण कालनिर्णय हातात असलं की अंदाज येतो. ओहोटीला काय होतं, तर शिडाच्या बोटी धक्क्याला लागलेल्या नसतात, थोड्या आत पाण्यात बांधलेल्या असतात, तिथवर छोट्या होडीतून जायचं. त्या होडीत उतरायच्या पायऱ्यांपैकी खालच्या ज्या एरवी पाण्याखाली असतात त्या उघड्या पडतात, आणि त्यांच्यावर हिरवं गुळगुळीत शेवाळ. साडी नेसून, हातात पर्स, पायात नवी सँडल आणि खाली होडी वर-खाली हलतेय. तेवढं जपलं तर बाकी काय अवघड नाही. मागं पट्टा असलेली चप्पल घाला, पर्स मुलाकडं द्या, होडीवाला हात पुढं करतो तो मनगटाशी धरा, बोटं धरू नका. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पौर्णिमा सोडून अष्टमीच्या आसपासचा दिवस बघावा, संध्याकाळी पाणी बऱ्यापैकी वर असतंय.

वेळेचं पण सांगतो. ऑक्टोबरच्या मध्याला मुंबईत सव्वासहाच्या दरम्यान सूर्य मावळतो, डिसेंबरात सहाला, मे महिन्यात सातनंतर. बुकिंगवाले सनसेट स्लॉट म्हणून साडेपाच ते साडेसात देतात, तो घेऊ नका, साडेचारचा मागा. शाळेत भूगोलात खारे वारे नि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच इथं कामाला येतं. दिवसा जमीन तापते, समुद्रावरनं वारा आत येतो, दुपारी तीन-चारला तो जोरात असतो आणि ऊन उतरलं की पडत जातो. म्हणजे ऐन सूर्यास्ताला बऱ्याचदा शीड लोंबतं. आधी वाऱ्यावर पळायचं आणि मग वारा पडला की निवांत सूर्य बघायचा, असा क्रम पाहिजे, उलटा नाही.

इंजिन बंद करतात तो क्षण मात्र सगळ्यांना गप्प बसायला सांगा. तोपर्यंत भडभड आवाज, डिझेलचा वास. मग एक जण दोर ओढतो, शीड डोलकाठीवर चढतं, थोडा वेळ फडफड फडफड करतं, आणि एकदम ताणून गप्प होतं. त्यानंतर फक्त बोटीच्या अंगाला पाणी घासत जातंय तो आवाज, सायकल ओल्या रस्त्यावरनं जाते तसा. ह्याच्यासाठी पैसे द्यायचे असतात, केक-फुग्यांसाठी नाही.

आणि म्हणूनच बुकिंग करताना पहिला प्रश्न हा विचारा की इंजिन किती वेळ बंद ठेवणार. माझ्या बहिणीच्या घरच्यांना घेऊन एकदा गेलतो, नाव सांगत नाही, फोटोत मोठ्ठं पांढरं शीड, प्रत्यक्षात पूर्ण दोन तास इंजिनवर गोल गोल फिरवलं आणि शीड गुंडाळलेलंच. विचारलं तर म्हणे आज वारा नाही साहेब. आणि शेजारनं दुसरी बोट भरल्या शिडानं निघून गेली! मेहुणे अजून लग्नाकार्यात भेटले की म्हणतात आज वारा नाही साहेब.

दुसरं, भाडं पूर्ण बोटीचं आहे की माणशी ते स्पष्ट करून घ्या, प्रायव्हेट म्हणजे फक्त आपणच हे मेसेजवर लिहून मागा, नाहीतर ऐनवेळी आणखी एक जोडपं येऊन बसतं. छोट्या होडीचे पैसे, टॅक्स, धक्क्याचे काय असतील ते धरून आकडा विचारा. वारा किंवा हवा खराब म्हणून त्यांनी रद्द केलं तर पैसे परत की दुसरी तारीख, हेही. तुम्ही पुण्याहून तिघं नि बेळगावातून रात्रीच्या स्लीपरनं दोघं येणार, दुसरी तारीख घेऊन काय करणार? लाइफ जॅकेट किती आहेत नि कुठल्या मापाची हे विचारायला लाजू नका. २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून तरी फोटोत पोट दिसतं म्हणून जॅकेट काढून ठेवायचा शहाणपणा बंद व्हायला पाहिजे होता. नौदलाच्या गोदीकडं कॅमेरा रोखू नका, आणि मुलाच्या मनात ड्रोन असेल तर तो घरीच राहू दे.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. ह्यांचं पण चुकत नाही. पणजीत मांडवी पश्चिमेला समुद्राला मिळते, वरच्या अंगाला आग्वादचा किल्ला, १६१२ चा, खालच्या अंगाला काबोचं टोक, आणि मधे मोकळं. मिरामारच्या समोर बोट आणली की हिवाळ्यात सूर्य बरोबर त्या दोघांच्या मधल्या पाण्यात उतरतो. मुलाला जो फोटो पाहिजे तो इथं आहे. शिवाय ते पाणी आपलं आहे हो! मांडवी म्हणजे म्हादई, ती आपल्या खानापूर तालुक्यातच भीमगडच्या जंगलात उगम पावते. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि शेजारच्या डोंगरातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, त्या पाण्यावरनं दोन सरकारं किती वर्षं कोर्टात भांडतायत ते तुम्हाला सांगायला नको. चोर्ल्यातनं जाताना जांबोटीला चहा प्यायलात, आणि संध्याकाळी शेजारच्या डोंगरातल्या पावसाच्या पाण्यावर बोटीत बसलात, असा प्रकार.

पणजीचं वाईट काय, तर नदीत कॅसिनोच्या मोठ्या बोटी उभ्या आहेत, त्यांचे दिवे नि स्पीकर, आणि क्रूझ म्हणून बरेच जण विकतात ते नाचगाण्याचं शेअरिंगवालं, तुमच्या कामाचं नाही. यॉट म्हणून दाखवतात त्यातही बऱ्याचदा नुसती मोटर असते, शीड नसतं. तेव्हा इथं पण तोच इंजिनचा प्रश्न. आणि त्याच रात्री परत निघू नका, बोटीतून उतरून जेवून निघायला नऊ, मग अंधारात घाट. पणजीत राहा.

माझं मत? कोजागरी साधत असेल तर मुंबई. नसेल तर ह्यांचं ऐका.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, त्यांची फार इच्छा आहे पण एसटीत सुद्धा उलटी होते. बोटीत न्यावं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : न्या की. पण खरं सांगू का, चोर्ल्याची वळणं त्यांनी काढली तर बोट काहीच नाही. बंदरात किंवा नदीच्या मुखाशी लाटा लहान असतात, उघड्या समुद्रासारखं नसतं. उलटीची गोळी घ्यायची असेल तर बोटीत चढायच्या तासभर आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि त्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, ह्या गोळ्यांनी झोप येते. उपाशी नेऊ नका, तसं जेवून तट्ट पण नको, दोन इडल्या बास. बोटीच्या मधोमध किंवा मागच्या बाजूला बसवा, पुढच्या टोकाला जास्त हलतं. आणि आत केबिनमध्ये अजिबात पाठवू नका, लोक हमखास हीच चूक करतात, बरं वाटत नाही म्हणून आत आडवं करतात आणि मग तर होतंच. बाहेर वाऱ्यावर, नजर लांब किनाऱ्यावर, मोबाइल बंद. तोंडात आलेपाकाची वडी.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं, शिडाची बोट चांगली एका बाजूला कलंडते. उलटणार नाही ना?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : कलंडणं म्हणजे बोट बरोबर चाललीय. अशा बऱ्याच बोटींना पाण्याखाली तळाला माशाच्या परासारखं जड पातं असतं, आपण राकसकोप धरणाच्या पाण्यावर वाढलेली माणसं, ते आपल्याला दिसत नाही म्हणून भीती वाटते. वारा बोटीला आडवं करायला बघतो आणि ते वजन तिला परत सरळ करतं. फार झालं तर चालवणारा दोर ढिला सोडतो, शिडातला वारा निघून जातो आणि बोट उभी राहते. तुम्ही एकच करायचं, तो वळणार म्हणून ओरडला की डोकं खाली घालायचं. शिडाच्या बुडाशी आडवा दांडा असतो, वळताना तो ह्या बाजूचा त्या बाजूला सपकन जातो, आणि फोटो काढत उभ्या राहिलेल्याच्या कानशिलात बसतो. सरळ वाऱ्याच्या तोंडावर बोट जाऊ शकत नाही, नागमोडी जाते, त्यामुळं वळणं बरीच होतात.

प्रश्न : १५ ऑगस्टच्या सुट्टीत जमेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. जून ते सप्टेंबर शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. कोण हो म्हणाला तर ॲडव्हान्स देऊ नका.

प्रश्न : बोटीत केक कापून, दिवा ओवाळून वाढदिवस करायचाय. चालतं का?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : विचारलं तर केकला बहुतेक हो म्हणतात, पण मेणबत्ती पेटत नाही, निरांजन तर नाहीच, आणि बोटीवर आग नको म्हणून चालवणारा तसा पण ओरडेल. ओवाळायचं ते घरून निघताना ओवाळा. क्रीमचा केक वाऱ्यात शिंतोडे उडवतो, एकदा चालवणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी क्रीम गेलेलं बघितलंय, तो बिचारा काही बोलला नाही. त्यापेक्षा आपला बेळगावचा कुंदा न्या. डब्यात घट्ट बसतो, सांडत नाही, सुरी लागत नाही. चालवणाऱ्यांना पण द्या, दोघं तरी असतात, तेव्हा चमचे दोन जास्त घ्या.