स्केलिंगचा फवारा : अमळनेरला दातांचा नवा दवाखाना टाकणाऱ्यास

अभिनंदन, डॉक्टर! खुर्ची घेतलीस, दातांवरचा थर काढायचा स्केलर घेतलास, पण फवारा ओढून घेणारं मोठ्या तोंडाचं सक्शन 'नंतर बघू' म्हणालास, तिथंच चुकलास. ओठात अडकवायची ती बारीक नळी साचलेलं पाणी ओढते, हवेतला फवारा नाही. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं. पाणी, लाळ, रक्त सगळं धुक्यासारखं उडतं. मोठे थेंब एप्रनवर बसतात, ५० मायक्रॉनखालचे कण मात्र हवेत तरंगत राहतात. म्हणून साधारण ८ मिलिमीटर तोंडाची हाय व्हॉल्यूम सक्शन टिप हवी, आणि ती स्केलरच्या टोकाजवळ, बोटभर अंतरातच धरायची. त्यासाठी मदतनीस लागतो. एकट्यानं करणं म्हणजे एका हातानं भाकरी थापणं.

आधी पेशंटला ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं मिनिटभर चूळ भरायला लाव. कण थांबत नाहीत, त्यांतले जंतू कमी होतात. सकाळी खुर्चीच्या लाइनमधलं पाणी दोन मिनिटं वाहून जाऊ दे.

आता आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४५ला टेकला की सगळे स्प्लिट एसी लावून दारं लावतात. तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाबा! एक्झॉस्ट फॅन बसवच. त्यामानानं आपला कूलर बरा, बाहेरची हवा आणतो; फक्त समोरची खिडकी उघडी हवी आणि झोत पेशंटवरून तुझ्या तोंडावर यायला नको. मीही पहिली दोन वर्षं स्केलिंग संपताच मास्क खाली ओढून बोलायचो. तू एन-९५ खोलीबाहेर येऊनच काढ.