लॅब्राडोरला घेऊन गोव्याला

प्रश्न : दिवाळीत आमच्या लॅब्राडोरला घेऊन मुंबईहून रेल्वेने गोव्याला जायचं आहे. तिकीट आणि राहण्याची सोय कशी करावी?

उत्तर : कुत्रा सोबत हवा तर फर्स्ट एसीच, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची असेल तर. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये परवानगी नाही. दोन तिकिटं काढली म्हणजे कूपे मिळालाच, असं समजू नका. ते चार्ट तयार होताना ठरतं. म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधीच अर्ज द्या. गाडी सुटण्याच्या तीनेक तास आधी पार्सल ऑफिसात कुत्र्याचं बुकिंग करा. लसीकरणाचं कार्ड आणि पशुवैद्याचा ताजा फिटनेस दाखला लागतो. कूपे हुकला तर उरतो गार्डच्या डब्यातला पिंजरा. एवढ्या मोठ्या कुत्र्यासाठी तो अरुंद आणि उकाड्याचा. त्यापेक्षा तारीख बदला.

होमस्टेच्या जाहिरातीत ‘पेट्स चालतात’ लिहिलेलं असलं तरी फोन कराच. खोलीत चालतो की अंगणात बांधायचा? मालकाचे कुत्रे मोकळे असतात का? जादा पैसे किती? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पावसाळ्यानंतर गवतात गोचीड असतात, त्यावरचं औषध निघण्याआधीच द्या.