वाइन काचेच्या बाटलीऐवजी ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरण्याचा फायदा काय?

सगळ्यात मोठा फायदा वजनाचा. ७५० मिलीची रिकामी काचेची बाटलीच साधारण अर्धा किलो भरते. २५० मिलीचा रिकामा कॅन जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वाइनला तीन कॅन लागले तरी ५० ग्रॅमच्या आतच. वाहतुकीचं इंधन वाचतं, फुटण्याची भीती नाही, शिवाय कॅन एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे जागाही कमी लागते.

दुसरं म्हणजे उजेड. पारदर्शक बाटलीतल्या वाइनची चव उजेडाने बिघडते. कॅनमधून प्रकाश आत जातच नाही, हवाही नाही. बुचामुळे येणारा कुबट वास हा प्रकारही संपला. कॅन लवकर गार होतो, आणि एकट्याला एकच पेला हवा असेल तर अख्खी बाटली उघडावी लागत नाही. (मला विचाराल तर हाच खरा फायदा!)

ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं आणि त्याला नव्या धातूच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. अर्थात रिकामा कॅन भंगारात गेला तरच.

धातूची चव लागते का? आतून पातळ अस्तर असतं, त्यामुळे सहसा नाही. पण वाइनमधलं आम्ल आणि सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकावी म्हणून वापरतात ते) त्या अस्तराची परीक्षा बघतात. अस्तर कमी पडलं तर सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षं मुरवायची वाइन बाटलीतच ठेवा. कॅनमधली ताजी असतानाच प्यावी, तीही पेल्यात ओतून, नाहीतर सुगंध हाती लागत नाही.