प्राडानं कोल्हापुरी गाजवली, तुमचं दुकान नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात वडिलांच्या काळापासून चपलांचं दुकान आहे. मुलगा म्हणतोय, पेपरातली जाहिरात बंद करू आणि सगळे पैसे रील्सवर लावू, कारण 'प्राडाच्या वेळी इंटरनेटनं काय केलं ते बघितलंत ना.' माझी बारा वर्षं पेपरासाठी जाहिराती गोळा करण्यात गेली आणि पुढची दहा लोकांची फेसबुक पेजेस सांभाळण्यात. दोन्हींकडचं मीठ खाल्लंय, तेवढं धरून वाचा.

पोरगं निम्मं बरोबर आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आणली तेव्हा तिच्या लेखी ती नुसती 'चामड्याची सँडल' होती. वीस वर्षांपूर्वी असं झालं असतं तर तो फोटो एखाद्या महागड्या मासिकात छापून आला असता आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत (चपलांच्या बाजारात) कुणाला पत्ताही लागला नसता. या वेळी लोकांनी मोबाईलवर चपलेचा अंगठा बघितला, वेणी बघितली आणि म्हणाले, अरे, हे तर आपलं पायताण! मग महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेचं कंपनीला पत्र गेलं, प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीनं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला: २,००० जोड बनवायचे, एकेकाची किंमत सुमारे ८०० युरो. पूर्वी कंपनी बोलायची आणि गिऱ्हाईक ऐकायचं. इथे गिऱ्हाईक नसलेल्या माणसांनी कंपनीला नाव घ्यायला लावलं. (त्यातल्या कितीजणांच्या पायात कोल्हापुरी होती, हे मात्र विचारू नका.)

पण गाजलं काय? 'कोल्हापुरी'. ते नाव तुमच्या एकट्याचं नाही. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, ती नोंदणी) महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार, असे आठ जिल्हे आहेत. नोंदणी त्या दोन महामंडळांकडे आहे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तेव्हा याचिका करणारे त्या नावाचे नोंदणीधारक नाहीत, इथेच गाडी अडली आणि जुलैत ती फेटाळली गेली. आता मोबाईलवर 'कोल्हापुरी चप्पल' शोधा आणि तुमचं दुकान कितव्या पानावर येतं ते मोजा. पाऊस सगळ्या शिवारावर पडला. तुमच्या विहिरीत किती उतरलं, एवढंच बघायचं.

म्हणून रील्स जरूर करा, पण ट्रेंडिंग गाण्यावर चप्पल फिरवून दाखवणारी नकोत. तुमच्याकडे जे आहे ते नकली चामड्याच्या, रेक्झिनच्या चपला विकणाऱ्याकडे नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिलाई कशी होते, ते दाखवा. शिवणाऱ्या माणसाचा हात दाखवा, आणि त्याची परवानगी असेल तर नावही सांगा. गिऱ्हाईक गल्ल्यावर रोज जे विचारतं त्याची उत्तरं लिहून ठेवा: पावसात घालू का, तेल कुठलं लावू, नवी चप्पल चावते त्याचं काय, अस्सल कशी ओळखू. रील दोन-चार दिवसांत खाली जाते. अशी उत्तरं वर्षानुवर्षं कुणीतरी शोधत येतं.

शिवाय हे सगळं भाड्याच्या जागेत चालतं, हे मुलाच्या कानावर घाला. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप्स बंद केली, त्यात टिकटॉक होतं. लाखभर फॉलोअर जमवलेली खेड्यापाड्यांतली पोरं सकाळी उठली तर हातात काही नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं नातेवाईक-मित्रांच्या पोस्ट वर आणायचं ठरवलं आणि पेजवाल्यांच्या पोस्ट दिसेनाशा झाल्या. आमचा एक लोणचीवाला तेव्हा मला म्हणाला, 'अहो, दुकान उघडं आहे पण रस्ताच वळवलाय.' त्याच गृहस्थांचं पेज पुढे हातचं गेलं. ते पुतण्याच्या मित्राच्या ईमेलवर काढलेलं होतं. मित्र दुबईला गेला, पासवर्ड विसरला, आणि चार वर्षांचे फोटो, प्रतिक्रिया सगळं अडकलं. चूक माझीही होती, सुरुवातीलाच विचारायला हवं होतं.

स्वतःच्या मालकीच्या गोष्टी दोनच: तुमच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि गिऱ्हाइकांची वही. बिल करताना नंबर विचारा, चालेल म्हणालं तरच व्हॉट्सॲपवर नवा माल पाठवा, रोज सुप्रभात नको. गूगल मॅपवर दुकानाची वेळ, फोटो बरोबर ठेवा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस तिथेच शोधतो. एक तारा देणाऱ्याशी भांडू नका. 'अंगठा तुटला, घेऊन या, शिवून देतो' एवढं लिहा. ते उत्तर त्याच्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचतात.

पेपर लगेच सोडू नका. वर्षभराची जाहिरातीची चौकट बंद करून गणपती, दिवाळी आणि लग्नसराईपुरती ठेवा, आणि तिच्यात व्हॉट्सॲप नंबर ठळक छापा. नंबरावर मेसेज आला की 'कुठे वाचलंत' विचारा. दोन हंगामांत कळेल कुठला पैसा फळतोय. पैसे देऊन एखाद्या इन्फ्लुएन्सरला बोलावणार असाल तर ती जाहिरात आहे असं त्याला व्हिडिओत स्पष्ट लिहायला लावा. २०२१ पासून तसा दंडक आहे, आणि लपवलेलं लोकांना कळतंच.

सध्याचं इन्स्टाग्राम खातं कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या नंबरवर उघडलंय ते आज रात्री मुलाला विचारा आणि इथे सांगा. पैशांचं त्यानंतर बोलू.