चौथ्या पट्टीच्या भरवशावर

फोंड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा 31 वर्षांचा, परदेशी टँकरवर सेकंड ऑफिसर. बोटीवर असला की महिन्याला 3 लाख, वर्षातून साधारण सात महिने. भाड्याने देण्यासाठी पर्वरीत 90 लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे, त्यातले 65 लाख कर्ज. घ्यावा का? ‘दोन वर्षांत ते चीफ ऑफिसर होतील, पाचव्या वर्षी कॅप्टन. मग हप्ता जाणवणारही नाही.’ आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘विम्याची काळजी नाही, दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या माणसाने वर्षाला 4 लाखांची पॉलिसी करून दिली आहे.’

ताई, फ्लॅट आत्ता नको. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 56 हजारांच्या आसपास जातो, म्हणजे वर्षाला पावणेसात लाख. दलालाने सांगितलेलं 25 हजार भाडं एकही महिना न चुकता आलं तरी 3 लाखच.

पण मला झोंबली ती शेवटची ओळ. 15 वर्षं 4 लाख भरायचे, म्हणजे 60 लाख, आणि विसाव्या वर्षी 1 कोटी मिळणार. ऐकायला भारी वाटतं, पण परतावा जेमतेम 4 टक्के. तुमच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातली साधी मुदत ठेवसुद्धा यापेक्षा बरं व्याज देते. आणि विमा किती? 40 लाख. म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर फ्लॅटचं कर्जही फिटणार नाही. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या घरात हे विकताना त्या विक्रेत्याला काहीच कसं वाटलं नाही, याची मला चीड येते.

त्याने पॉलिसीचा हप्ता बसवला तो कॅप्टनच्या पगाराच्या आशेवर. बोटीवरची बढती सरकारी नोकरीतल्या वेतनवाढीसारखी आपोआप येत नाही, तिथे कामच बदलतं. थर्ड ऑफिसर जीवरक्षक आणि आगीची साधनं बघतो. तुमचे यजमान सफरीचा मार्ग आखतात आणि बहुधा बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, करतात. चीफ ऑफिसरवर माल आणि बोटीची स्थिरता येते. टँकरवर त्यात चूक झाली तर ती पगारकपातीवर निभावत नाही. कॅप्टन सगळ्यालाच जबाबदार. खांद्यावरची प्रत्येक नवी पट्टी म्हणजे ठरलेली समुद्रसेवा, कोर्स, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा. आणि फर्स्ट मेटचं, म्हणजे चीफ ऑफिसरच्या कामाचं, प्रमाणपत्र हातात आलं तरी कंपनीत जागा रिकामी व्हायला हवी. चौथी पट्टी, म्हणजे कॅप्टनपद, पाचव्या वर्षी येईलही, पण तिच्यावर आज कर्ज काढता येत नाही.

आता परीक्षेचं वर्ष धरा. क्लास आणि परीक्षेसाठी माणूस किनाऱ्यावर, बोटीवर पाचच महिने: 15 लाख. त्यात आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवस किंवा जास्त झाला की ते कराच्या दृष्टीने निवासी ठरतात आणि बोटीवरचा पगारही बहुधा करपात्र होतो. नव्या करपद्धतीत साधारण लाखभर कर. उरले 14, भाड्याचे 3 धरून 17. खर्च? हप्ता पावणेसात, पॉलिसी 4, घरखर्च तुम्ही लिहिलाय तसा 6. सतरा आले, सतरा गेले. परीक्षेची फी, सोसायटीचा खर्च, सासऱ्यांचं औषधपाणी यांत कुठेच नाही, आणि स्वतःचे 25 लाख आधीच फ्लॅटमध्ये अडकलेले.

नजर किंवा रंगओळख बिघडली तर डेकवरच्या अधिकाऱ्याला वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नाही, हेही धरून चाला.

या आठवड्यात आधी 2 कोटींच्या शुद्ध मुदत (टर्म) विम्याचा अर्ज करा. अर्जात टँकरवरची नोकरी स्पष्ट लिहा, लपवू नका. हप्ता आत्ताच्या 4 लाखांच्या दहाव्या हिश्श्यातही बसेल. तो विमा लागू झाला की मगच जुन्या पॉलिसीला हात लावा: विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आज मोडली तर किती, आणि पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर किती. भरलेल्या 8 लाखांतले बरेच बुडतील. त्यासाठी आणखी 52 लाख टाकू नका.

मग वर्षभराचा घरखर्च, 6 लाख, ठेवीत बाजूला. यजमानांचा परीक्षेचा काळ त्यावर निघू दे. फ्लॅटचं पत्र चीफ ऑफिसर म्हणून त्यांचा पहिला करार पुरा झाल्यावर लिहा. भारतातल्या मुक्कामाचे दिवस मोजायला सीडीसीवरच्या, म्हणजे त्यांच्या समुद्रसेवेच्या नोंदपुस्तिकेतल्या, साइन ऑन आणि साइन ऑफच्या (बोटीवर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या) तारखाही कळवा.